स्वस्त संगणक आणि भागधारकाचा नफा : कुंभकोणमच्या निमित्ताने

संगणकाची किंमत दहा हजार रुपयांच्या आत यावी, ही २००५ च्या सुमारास आपल्या देशात एक जाहीर अपेक्षा होती. तत्कालीन केंद्रीय दळणवळण व माहिती तंत्रज्ञान मंत्री दयानिधी मारन यांनी हे आवाहन उद्योगाला वारंवार केले होते. कोलकात्याच्या झेनिटिस या कंपनीने ‘आमार पीसी’ हा संगणक ९,९९० रुपयांना बाजारात आणला. एचसीएल इन्फोसिस्टिम्स या त्या वेळच्या आघाडीच्या भारतीय उत्पादकानेही त्याच वर्षी ‘ईझीबी प्राइड’ हा लिनक्स प्रणालीवर चालणारा संगणक ९,९९० रुपयांनाच उपलब्ध करून दिला. सर्वसामान्य कुटुंबाच्या दृष्टीने ही आनंदाची वार्ता होती. परंतु शेअर बाजारात लगेच एक वेगळा प्रश्न विचारला जाऊ लागला. एवढ्या कमी किमतीत विकलेल्या संगणकावर कंपनीला उरते तरी काय? आणि उरत नसेल, तर या कंपनीचा समभाग कोणत्या आशेवर विकत घ्यावा?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात नफ्याचे प्रमाण, खेळते भांडवल, किंमत-मिळकत गुणोत्तर, सीमाशुल्काची रचना या संज्ञा स्वतंत्रपणे येतात. एका संगणकाच्या किमतीत त्या साऱ्या एकत्र आलेल्या दिसतात. विद्यार्थ्यांच्या दृष्टीने म्हणूनच हे उदाहरण उपयुक्त आहे. उदाहरणाचे मूळ तमिळनाडूतील कुंभकोणम या गावी सापडते, त्यामुळे प्रारंभ तेथूनच करू.

कावेरीकाठचे गाव

कुंभकोणम हे तंजावर जिल्ह्यातील, कावेरी आणि अरसलार या दोन प्रवाहांच्या मधले मंदिरांचे नगर. २०११ च्या जनगणनेनुसार नगराची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार होती. मराठी वाचकाला हे गाव अगदीच परके नाही. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास स्थापन केलेले तंजावरचे मराठी राज्य १८५५ पर्यंत टिकले आणि कुंभकोणमचा परिसर त्याच राज्याचा भाग होता. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी सांभाळणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये येथेच, एका तंजावरी मराठी कुटुंबात झाला.

येथील टाऊन हायस्कूल १८६४ मधले. गणिती श्रीनिवास रामानुजन याच शाळेत शिकले. त्यानंतर सुमारे अर्धशतकाने, १९५५ ते १९५७ या काळात, शिव नाडर या विद्यार्थ्याचे शालेय शिक्षण याच शाळेत झाले. पुढे मदुराई, तिरुचिरापल्ली व कोईम्बतूर असा शिक्षणाचा प्रवास करून नाडर यांनी १९६७ मध्ये पुण्यात वालचंद उद्योगसमूहात नोकरीस प्रारंभ केला. तेथून ते दिल्लीला गेले आणि १९७६ मध्ये काही सहकाऱ्यांसह त्यांनी हिंदुस्थान कॉम्प्युटर्स लिमिटेड, म्हणजेच एचसीएल, ही कंपनी स्थापन केली. आरंभीचे भांडवल १ लाख ८७ हजार रुपये होते. उत्तर प्रदेश शासनाच्या सहभागामुळे या नव्या कंपनीला आधार मिळाला. १९७८ मध्ये तिने आपला पहिला सूक्ष्मसंगणक तयार केला. त्याच वर्षी आयबीएम ही अमेरिकी कंपनी भारतातून बाहेर पडली. विदेशी चलन नियमन कायदा, १९७३ नुसार परकीय भागभांडवल ४० टक्क्यांपर्यंत उतरविण्याची अट तिला मान्य नव्हती. आयबीएमच्या जाण्याने जी पोकळी निर्माण झाली, ती भरून काढण्याची संधी एचसीएल, मुंबईची झेनिथ यांसारख्या देशी कंपन्यांना पुढील काळात मिळाली.

कुंभकोणमची दुसरी ओळख बँकेची आहे. १९०४ मध्ये ‘कुंभकोणम बँक’ या नावाने सुरू झालेली सिटी युनियन बँक आजही येथेच मुख्यालय ठेवून आहे. बँकेतील मुदत ठेव आणि कंपनीचा समभाग यांतील निवड हा अशा गावांतील बचत करणाऱ्या कुटुंबांपुढचा नेहमीचा प्रश्न. ठेवीवरील व्याज आधी ठरलेले असते. समभागावर काय मिळेल, हे कंपनीच्या नफ्यावर ठरते. म्हणून नफा कसा निर्माण होतो, हे आधी पाहणे अगत्याचे ठरते.

दहा हजारांचा हिशेब

पुढील आकडे केवळ विवेचनासाठी योजले आहेत. ते कोणत्याही प्रत्यक्ष कंपनीचे नाहीत. समजा, एक संगणक ग्राहकाला १०,००० रुपयांना मिळतो. त्यातील विक्रेत्याचे अडत आणि कर वजा जाता कंपनीच्या हाती ९,००० रुपये येतात. प्रक्रियक, स्मृतिपट्टी, हार्ड डिस्क, मदरबोर्ड, पडदा, कळफलक इत्यादी सुट्या भागांचा खर्च ८,००० रुपये. जुळणी, वाहतूक आणि हमीकाळातील दुरुस्ती यांसाठी ५०० रुपये. जाहिरात, प्रशासन आणि व्याज मिळून ३०० रुपये. उरले २०० रुपये, म्हणजे कंपनीच्या विक्रीवर सुमारे २.२ टक्के.

आता हीच कंपनी एखाद्या कार्यालयाला ३०,००० रुपयांचा संगणक विकते. तिच्या हाती २७,००० रुपये येतात आणि त्यावर ४ टक्के नफा सुटतो असे धरू. हा नफा १,०८० रुपये होतो. याचा अर्थ, एका महागड्या संगणकाएवढी कमाई करण्यासाठी कंपनीला पाचाहून अधिक स्वस्त संगणक विकावे लागतात. त्या पाचांची जुळणी, पाचांची वाहतूक आणि पाच घरांतून येणाऱ्या तक्रारी तिने निस्तरावयाच्या असतात. स्वस्त संगणकाचा ग्राहक बहुधा प्रथमच संगणक घेणारा असतो. त्यामुळे त्याच्या तक्रारी अधिक येतात, हे वेगळे सांगावयास नको. हमीकाळातील एक जादा फेरी झाली, तरी २०० रुपयांतील बराच भाग तेथेच संपतो.

येथे विनिमय दराचा संबंध येतो. सुट्या भागांपैकी ६,४०० रुपयांचे भाग आयात केलेले असतील आणि रुपया डॉलरच्या तुलनेत घसरल्याने ते ५ टक्क्यांनी महागले, तर खर्च ३२० रुपयांनी वाढतो. २०० रुपयांच्या नफ्याचे रूपांतर १२० रुपयांच्या तोट्यात होते. किंमत वाढवावी, तर ‘दहा हजारांच्या आत’ ही जाहिरातच खोटी पडते. ज्या वस्तूची किंमत हीच तिची ओळख असते, त्या वस्तूच्या उत्पादकाला खर्चातील वाढ ग्राहकाकडून वसूल करता येत नाही.

पितळ आणि विड्याचे पान

कुंभकोणम पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. जवळच्या नाचियारकोविल येथील समया आणि स्वामीमलै येथील पंचधातूच्या मूर्ती दूरवर जातात. त्याचबरोबर कावेरीच्या गाळाच्या जमिनीतील कुंभकोणमचे विड्याचे पानही नावाजलेले आहे. या दोन व्यवसायांत साठ्याचे गणित अगदी भिन्न आहे. समई आज विकली गेली नाही, तर पुढील वर्षी विकली जाईल. तिचे वजन आणि धातूचे मोल कायम राहते. विड्याचे पान मात्र दोन-चार दिवसांत कोमेजते. पानाच्या व्यापाऱ्याची सारी कुशलता माल किती त्वरेने हातावेगळा करतो यात असते.

संगणक दिसायला धातू आणि प्लॅस्टिकचा असला, तरी साठ्याच्या दृष्टीने त्याची जात पानाची आहे. नवा प्रक्रियक बाजारात आला की जुन्याची किंमत उतरते; स्मृतिपट्टीचे भाव तर महिन्यागणिक खालीवर होतात. वरील उदाहरणात ८,००० रुपयांच्या सुट्या भागांचे मोल दर आठवड्यास १ टक्क्याने घटते असे मानले, तर महिनाभर गुदामात पडून राहिलेल्या मालावर सुमारे ३२० रुपयांची घट येते. पुन्हा एकदा २०० रुपयांचा नफा गिळला जातो, आणि तोही एकही चूक कागदावर न दिसता.

अमेरिकेतील डेल कंपनीने हे सूत्र सर्वांत आधी ओळखले. ग्राहकाकडून मागणी आणि पैसे आधी घ्यावयाचे, त्यानंतर संगणक जोडावयाचा आणि सुट्या भागांच्या पुरवठादारांना त्यांची रक्कम काही आठवड्यांनी द्यावयाची, ही तिची पद्धत होती. परिणामी तिचे खेळते भांडवल जवळजवळ पुरवठादारांच्याच पैशांतून उभे राहिले. त्यामुळे कमी नफ्यावरही डेलला भांडवलावर मोठा परतावा मिळविता आला. भारतात मात्र घरगुती ग्राहक दुकानात जाऊन, चार यंत्रे पाहून खरेदी करणारा. त्यामुळे कंपनीला शहरोशहरी विक्रेत्यांकडे माल ठेवणे भाग होते.

कमी नफ्याचा धंदा म्हणजे वाईट धंदा, असा निष्कर्ष विद्यार्थ्यांनी घाईने काढू नये. एका संगणकामागे ९,००० रुपये गुंतले आणि ते वर्षातून १२ वेळा फिरले, तर २०० रुपयांप्रमाणे वर्षाला २,४०० रुपये मिळतात. गुंतलेल्या भांडवलावर हा परतावा सुमारे २७ टक्के पडतो. तेच भांडवल वर्षातून केवळ ३ वेळा फिरले, तर परतावा ७ टक्क्यांच्याही खाली येतो. एवढे तर बँकेतील ठेवही बिनघोर देऊ शकते. भांडवल किती वेळा फिरते, हे ताळेबंदातील साठा आणि येणी या दोन नोंदींवरून समजते. सरकारी निविदांवर अवलंबून असणाऱ्या संगणक कंपन्यांची येणी अनेकदा महिनोन्महिने रेंगाळतात. विक्री झाल्याची नोंद नफा-तोटा पत्रकात होते, पैसा मात्र आलेला नसतो. सर्वांत कमी बोलीला काम, या नियमाने आधीच बारीक झालेला नफा व्याजात जातो.

गुंतवणूकदारांचे दोन पक्ष

२००५-०६ च्या सुमारास संगणक उत्पादकांच्या समभागांविषयी गुंतवणूकदारांत स्थूलमानाने दोन मते होती. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, भारतात संगणकांचा प्रसार अत्यल्प आहे. किंमत उतरली की मागणी अनेक पटींनी वाढेल. हे म्हणणे निराधार नव्हते. २००३-०४ मध्ये देशात सुमारे ३० लाख संगणक विकले गेले होते. २००५-०६ मध्ये ही संख्या सुमारे ५० लाखांवर गेली. तालुक्याच्या गावी संगणक प्रशिक्षण केंद्रे उघडत होती. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने हेच वातावरण निर्माण केले होते. आज स्वस्त संगणक घेणारा ग्राहक उद्या मुद्रक घेईल, पुढे याच नाममुद्रेचा चांगला संगणक घेईल, अशी ही आशा होती.

दुसऱ्या पक्षाचा आक्षेप संख्येवर नव्हता, वाट्यावर होता. संगणकाच्या किमतीतील मोल कोणाकडे जाते? प्रक्रियक बनविणारी कंपनी जगात दोन-तीन; कार्यप्रणालीवर मायक्रोसॉफ्टचे वर्चस्व. त्यांना पर्याय थोडे, म्हणून त्यांचा नफा मोठा. जुळणी करणारे मात्र शेकडो. आपल्याकडे तर नेहरू प्लेस किंवा लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून गल्लीतील तंत्रज्ञही संगणक जोडून देत असे, आणि कंपनीच्या नाममुद्रेला या बिननावाच्या संगणकाशी किमतीत झुंजावे लागे. तैवानच्या एसर कंपनीचे संस्थापक स्टॅन शी यांनी १९९० च्या दशकारंभी हीच स्थिती एका वक्ररेषेने दाखविली होती. संशोधन व घटकभाग या एका टोकाला आणि नाममुद्रा व सेवा या दुसऱ्या टोकाला मूल्यवर्धन अधिक, मधल्या जुळणीच्या टप्प्यावर सर्वांत कमी. रेषेचा आकार हसऱ्या ओठांसारखा, म्हणून तिला स्मितरेषा म्हणतात. परीक्षेत जागतिक मूल्यसाखळीवर प्रश्न आल्यास हे उदाहरण अवश्य स्मरावे.

दुसऱ्या पक्षाच्या हाती अमेरिकेतील ताजा दाखलाही होता. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या ई-मशिन्स या कंपनीने ५०० डॉलरच्या आसपासचे संगणक विकून अल्पावधीत मोठी बाजारपेठ काबीज केली. मार्च २००० मध्ये तिने प्रतिसमभाग ९ डॉलर दराने भांडवल उभारले. विक्री होती, नफा नव्हता. वर्षभरातच समभागाचा भाव एवढा कोसळला की २००१ मध्ये नॅसडॅक या बाजारातून तिची नोंदणी रद्द झाली. पुढे खाजगी मालकीत खर्च आणि साठा यांवर कठोर नियंत्रण ठेवून तीच कंपनी नफ्यात आली व २००४ मध्ये गेटवे कंपनीने ती विकत घेतली; २००७ मध्ये गेटवेलाही एसरने ताब्यात घेतले. वस्तू तीच, किंमत तीच, परंतु व्यवस्थापन बदलताच निकाल बदलला, ही गोष्ट दुसऱ्या पक्षाचे लोक सांगताना सहसा गाळीत. आयबीएमने मात्र अधिक सरळ मार्ग स्वीकारला. वैयक्तिक संगणकाला जगन्मान्यता मिळवून देणाऱ्या या कंपनीने डिसेंबर २००४ मध्ये आपला संगणक विभाग चीनच्या लेनोव्होला विकण्याचे जाहीर केले आणि मे २००५ मध्ये तो व्यवहार पूर्ण केला.

समभागाच्या भावावर बारीक नफ्याचा परिणाम दुहेरी होतो, हे येथे समजून घेतले पाहिजे. भाव म्हणजे प्रतिसमभाग मिळकत गुणिले किंमत-मिळकत गुणोत्तर. समजा, मिळकत २० रुपये आणि गुणोत्तर १५. भाव ३०० रुपये. नफा निम्मा झाला, मिळकत १० रुपयांवर आली. बाजार एवढ्यावर थांबत नाही. ज्या कंपनीचा नफा असा डळमळतो तिला तो पूर्वीचे १५ चे गुणोत्तर देत नाही, ८ वर आणतो. भाव होतो ८० रुपये. नफा निम्म्याने घटला, गुंतवणूक जवळजवळ तीनचतुर्थांशाने.

कररचनेचा पेच

या काळातील शासकीय धोरणाचा विचार केल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. भारताने १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सहभागी होऊन संगणक व तत्सम वस्तूंवरील सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने रद्द करण्याचे मान्य केले. २००५ मध्ये ते शून्यावर आले. दुसरीकडे, देशात तयार होणाऱ्या संगणकावरील उत्पादन शुल्क जानेवारी २००४ मध्ये १६ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणि जुलै २००४ च्या अर्थसंकल्पात शून्यावर आणण्यात आले. वरवर पाहता ही देशी उत्पादकाला सवलत होती. प्रत्यक्षात तीत एक गुंता होता. अंतिम वस्तूवर शुल्कच नसल्याने सुट्या भागांवर भरलेल्या शुल्काची वजावट उत्पादकाला मिळेनाशी झाली. तो भार किमतीतच राहिला. पूर्ण तयार संगणक आयात करणाऱ्यावर असा भार नव्हता. २००६-०७ च्या अर्थसंकल्पात संगणकावर १२ टक्के उत्पादन शुल्क पुन्हा लागू झाले व त्याबरोबर वजावटीची वाट खुली झाली. कर लावल्याने उत्पादकाची सोय व्हावी, हे ऐकण्यास विचित्र वाटते. परंतु मूल्यवर्धित कराच्या साखळीत सूट ही कधी कधी शिक्षा ठरते. १ जुलै २०१७ पासून ही शुल्के वस्तू व सेवा करात विलीन झाली असून संगणकावर १८ टक्के दर लागू आहे.

नफा बारीक असल्याने कारखाना कोठे उभारावयाचा, हेही करसवलतींवर ठरू लागले. एचसीएलचे कारखाने किनाऱ्यावरील पुदुच्चेरीत आणि पुढे उत्तराखंडातील रुद्रपूर येथे उभे राहिले. झेनिथने गोवा निवडले. हे तिन्ही प्रदेश त्या त्या काळी सवलती देणारे. संस्थापकाच्या शाळेचे गाव पुदुच्चेरीहून काही तासांच्या अंतरावर आहे. परंतु कारखाना कुंभकोणमला येण्याचे काही कारण नव्हते. दोन-तीन टक्क्यांवर चालणाऱ्या उद्योगाला अशा जिव्हाळ्याची चैन परवडत नाही.

एक नाव, दोन ताळेबंद

एचसीएलच्या उदाहरणाला विशेष महत्त्व आहे ते यापुढील घटनांमुळे. एकाच मुळातून दोन स्वतंत्र सूचिबद्ध कंपन्या वाढल्या. संगणक बनविणारी आणि वितरण करणारी एचसीएल इन्फोसिस्टिम्स ही एक. सॉफ्टवेअर व सेवा देणारी एचसीएल टेक्नॉलॉजीज ही दुसरी. दुसरीने डिसेंबर १९९९ मध्ये प्रतिसमभाग ५८० रुपये दराने लोकांकडून भांडवल उभारले. दोन्हींचे नाव सारखे असल्याने नव्या गुंतवणूकदाराची गफलत होण्याचा संभव होता. कागदपत्रे पाहिली, तर मात्र दोन्हींच्या नफ्याची जात निराळी होती.

एचसीएल इन्फोसिस्टिम्सची उलाढाल २००० च्या दशकात प्रचंड वाढली. तथापि त्या उलाढालीचा मोठा हिस्सा स्वतःच्या संगणकांचा नव्हताच. तो नोकियाच्या मोबाइल संचांच्या वितरणाचा होता. वितरणातील नफा संगणकापेक्षाही बारीक आणि त्याची दोरी दुसऱ्याच्या हाती. नोकियाने पुढे वितरणाचा काही भाग स्वतःकडे घेतला आणि काही वर्षांनी नोकियाचीच बाजारपेठ ओसरली. संगणकाच्या बाजूने लेनोव्हो, डेल, एसर, एचपी या जागतिक कंपन्यांनी देशी नाममुद्रांची जागा घेतली. डेलने तर २००७ मध्ये चेन्नईजवळील श्रीपेरुम्बुदूर येथे स्वतःचा कारखानाच सुरू केला. पडद्यासह टेबलावर ठेवण्याचा संगणक मागे पडून लॅपटॉप आला. लॅपटॉप गल्लीत जोडता येत नाही. त्यामुळे बिननावाच्या संगणकाची स्पर्धा संपली, पण तिचा लाभ देशी कंपन्यांऐवजी मोठ्या प्रमाणावर उत्पादन करणाऱ्या विदेशी कंपन्यांना झाला. २०१३ मध्ये एचसीएल इन्फोसिस्टिम्सने संगणकाचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय घेतला. एके काळी तीन अंकी असलेला तिच्या समभागाचा भाव पुढील दशकात दोन अंकी आणि काही काळ एक अंकी राहिला.

दुसऱ्या ताळेबंदाकडे पाहा. एचसीएल टेक्नॉलॉजीजचा २०२४-२५ मधील महसूल सुमारे १ लाख १७ हजार कोटी रुपये आणि निव्वळ नफा सुमारे १७,३९० कोटी रुपये होता. प्रमाण जवळजवळ १५ टक्के. याच्या शेजारी जगातील सर्वांत मोठी संगणक उत्पादक कंपनी लेनोव्हो ठेवली, तर २०२३-२४ मध्ये तिने सुमारे ५६.९ अब्ज डॉलरच्या महसुलावर सुमारे १ अब्ज डॉलर निव्वळ नफा मिळविला. हे प्रमाण २ टक्क्यांहूनही कमी आहे. अर्थात, एवढ्या बारीक नफ्यावरही लेनोव्हो टिकली, कारण प्रमाणाचा लाभ तिच्याकडे होता. जे तिला शक्य झाले, ते देशापुरत्या बाजारपेठेत विकणाऱ्या कंपनीला शक्य नव्हते.

मग स्वस्त संगणकाचा प्रयोग फसला असे म्हणावे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. किमतीची मर्यादा एकदा जाहीर झाल्यावर साऱ्याच उत्पादकांना आपल्या किमती खाली आणाव्या लागल्या आणि त्याचा लाभ ग्राहकाला झाला. तमिळनाडू शासनाने सप्टेंबर २०११ मध्ये शासकीय व अनुदानित शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली; खरेदी ‘एल्कॉट’ या राज्य महामंडळाच्या निविदांद्वारे झाली. एवढ्या मोठ्या संख्येने खरेदी शक्य झाली, कारण दर उतरले होते. ज्या मुलाच्या घरी संगणक आला, त्याच्या लाभाची नोंद कोणत्याही कंपनीच्या नफा-तोटा पत्रकात होत नाही. अर्थशास्त्रात यास ग्राहकाचे संतोषाधिक्य म्हणतात. समाजाला लाभ होणे आणि भागधारकाला लाभ होणे या दोन स्वतंत्र घटना आहेत. गुंतवणूकदाराने पहिलीवरून दुसरीचे अनुमान केले, की हिशेब चुकतो. आणि नियोजनकाराने दुसरीच्या अभावावरून पहिली नाकारली, तरीही तो चुकतो.

अलीकडे हा विषय नव्या रूपात पुढे आला आहे. माहिती तंत्रज्ञान हार्डवेअरसाठी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना प्रथम २०२१ मध्ये आली. सुमारे ७,३५० कोटी रुपयांच्या त्या योजनेनंतर मे २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १७,००० कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर केली. ऑगस्ट २०२३ मध्ये लॅपटॉप व तत्सम वस्तूंच्या आयातीवर परवान्याची अट जाहीर झाली; पुढे तिची जागा आयात व्यवस्थापन प्रणालीने घेतली. सुधारित योजनेत देशांतर्गत घटकभाग वापरणाऱ्यास अधिक प्रोत्साहन मिळते. स्मितरेषेच्या तळाशी असलेल्या जुळणीकडून घटकभागांच्या टोकाकडे सरकण्याचा हा प्रयत्न आहे. कंत्राटी पद्धतीने इलेक्ट्रॉनिक वस्तू बनविणाऱ्या अनेक भारतीय कंपन्या आज सूचिबद्ध असून त्यांच्या समभागांना चढी गुणोत्तरे मिळाली आहेत. त्यांचे वार्षिक अहवाल उघडताना उलाढालीच्या आकड्यावर न थांबता तीन गोष्टी शोधाव्यात. नफ्यातील किती भाग शासकीय प्रोत्साहनाचा आहे, एका ग्राहक-कंपनीवर किती विक्री अवलंबून आहे, आणि साठा किती दिवसांचा आहे.